बंदराच्या तोंडाशी रुतलेलं शिडाचं जहाज लगेच ओढून का काढत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वादळात पुढची डोलकाठी मोडलेलं, शिडांच्या चिंध्या झालेलं एक जुनं शिडाचं जहाज आसऱ्यासाठी बंदरात शिरत होतं आणि तोंडाशीच वाळूवर चढून बसलं. माणसं सुखरूप उतरली. दोन टग (जहाजं ओढणाऱ्या ताकदवान बोटी) जवळ उभे आहेत, भरती दिवसातून दोनदा येते, तरी ओढायचं सोडून जहाजावर काम करणारे लोक त्यात समुद्राचं पाणी भरताहेत. हा वेडेपणा आहे की यामागे काही शास्त्र आहे? आणि जहाज वाचेल का?

वेडेपणा मुळीच नाही. ज्याने पाणी भरायला सांगितलं त्याला आपलं काम नीट कळतं. अडकलेली जहाजं सोडवण्याच्या कामात माझी हयात गेली. रुतलेलं जहाज आधी घट्ट बसवून ठेवायचं, मग तपासायचं आणि ओढायचं सर्वांत शेवटी, हा क्रम मी कुणाच्याही दबावाखाली बदलू देत नाही. किनाऱ्यावर जमलेल्या लोकांना तो उलटा वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण या क्रमात घाई झाली की वाचण्याजोगी जहाजं हातची जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

वाळूवर बसलेल्या जहाजाला नुसत्या वाळूचा फारसा धोका नसतो. पाणी ओसरून ते कोरडं पडलं तर तासन्‌तास निवांत बसून राहतं. पाणी भरपूर असलं तर तरंगतं. घातक असते ती मधली अवस्था: लाट आली की उचललं जायचं, लाट सरली की दाणकन तळावर आदळायचं. आठ सेकंदांना एक लाट धरली तरी तासाला साडेचारशे आदळे होतात. भरतीच्या माथ्याच्या अलीकडे-पलीकडे दोन-अडीच तास जहाज असं अर्धवट तरंगत असतं, म्हणजे एकेका भरतीत हजारभर आदळे. सुकाणू बहुधा पहिल्याच भरतीत जातं, कारण ते सर्वांत खाली आणि सर्वांत कमी आधारावर असतं. त्यानंतर कण्याची पाळी. डोलकाठीचा बुंधा कण्यावरच्या खाचेत उभा असतो आणि दोन्ही बाजूंचे ताणदोर त्याला सतत खाली दाबत असतात. जहाज आदळलं की कित्येक टनांची ती काठी मुसळासारखी कण्यावर घाव घालते. लोखंडी किंवा पोलादी जहाजात पत्रे फासळ्यांच्या मधे आत दबतात, रिव्हेट सैल होतात. लाकडी जहाजाचं दुखणं आणखी खोल असतं.

लाकडी जहाजाच्या तळात उतरून मी सर्वांत आधी कण्याला लागून असलेली पहिली फळी बघतो. टॉर्च तिथेच धरून उभं राहायचं. आदळा बसला की त्या सांध्यातून पाण्याची केसाएवढी रेघ फुटते आणि जहाज टेकलं की ती मिटते. दर भरतीला रेघ जरा जाड होते. मग पाण्यात फटीत ठासलेल्या काथ्याचे तपकिरी धागे तरंगताना दिसू लागतात. धागे दिसले म्हणजे सांधे नुसते गळत नाहीत, फळ्या एकमेकींवर सरकताहेत. तिथून पुढे पंप कितीही लावले तरी गळतीच पंपांच्या पुढे धावते.

हे आदळणं थांबवायचा हाताशी असलेला उपाय एकच, वजन वाढवणं. लाटेला उचलताच येणार नाही इतकं जहाज जड करायचं. पाणी फुकट असतं, जागच्या जागी मिळतं आणि हवं तेव्हा काही तासांत उपसूनही टाकता येतं. म्हणून ते भरतात. कुठल्या कप्प्यात किती भरायचं हे मात्र हिशोबाने ठरतं. तळाशी कुठे भक्कम टेकू आहे आणि कुठे खाली पोकळी आहे, हे पाणबुड्याने पाहिल्याशिवाय मी एक बादलीही ओतू देत नाही. जहाजाचं मधलं अंग टेकलेलं आणि दोन्ही टोकं अधांतरी असतील, तर टोकांत भरलेलं पाणी कणा मोडायलाच मदत करतं. खडकाच्या एखाद्या सुळक्यावर तोललेल्या जहाजात तर हा उपाय करायचाच नाही. वाळूवर सपाट बसलेल्या जहाजासाठी तो उत्तम आहे.

या विचाराचं माझं आवडतं उदाहरण बरंच जुनं आहे. ‘ग्रेट ब्रिटन’ हे मुख्यतः वाफेवर चालणारं, पण डोलकाठ्या आणि शिडंही असलेलं लोखंडी जहाज सप्टेंबर १८४६ मध्ये आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात वाळूवर चढलं. हिवाळा तोंडावर होता. त्याचा रचनाकार ब्रुनेल याने पाहणी केल्यावर ओढाओढ करण्याऐवजी जहाजाच्या समुद्राकडच्या अंगाला फांद्यांच्या मोळ्यांचा प्रचंड बांध रचायला लावला, लाटांचा मारा मोडावा म्हणून. मोळ्या वाहून जात, पुन्हा रचल्या जात. जहाज अख्खा हिवाळा तिथेच राहिलं आणि ऑगस्ट १८४७ मध्ये तरंगलं. आज ते ब्रिस्टलला संग्रहालय म्हणून उभं आहे. ज्या महिन्यांत ते ‘नुसतंच पडून’ होतं, त्या महिन्यांतल्या कामाने ते वाचलं.

पाणी भरण्याच्या बरोबरीने, खरं तर त्याच्याही आधी, समुद्राच्या दिशेला नांगर टाकावे लागतात. जहाजाचेच नांगर होडीतून किंवा टगवरून लांब नेऊन खोल पाण्यात सोडायचे आणि दोर ताणून ठेवायचे. हे केलं नाही तर दर भरती जहाजाला थोडं थोडं आणखी वर, उथळ पाण्यात ढकलत नेते. आज जिथे तीन मीटर पाणी मिळालं असतं, तिथे परवा अडीचच मिळतं. हेच नांगर पुढे ओढायच्या कामाला येतात. टग लाटेवर वरखाली होत झटके देत ओढतो, नांगराचा दोर मात्र पुलींमधून घेतला की सतत आणि न डगमगता ताण ठेवतो. माझा भरवसा टगपेक्षा नांगरावर जास्त असतो.

मोडलेल्या डोलकाठीचं काय? मोडलेली काठी क्वचितच सुटून वाहून जाते. ती दोरांच्या आणि तारांच्या जाळ्यात जहाजाच्या कुशीला लोंबकळत राहते आणि प्रत्येक लाटेला फळ्यांवर धडका देते. वाळूने इजा केली नाही तिथे स्वतःच्याच काठीने भोक पाडलेलं जहाज मी पाहिलं आहे. त्यामुळे ती लवकरात लवकर तोडून मोकळी करावी लागते, आणि हे काम फार जपून करायचं असतं. ताणाखालची तार तोडली की ती सपकन मागे येते. शिवाय उभ्या असलेल्या बाकीच्या काठ्या एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. पुढची गेली की तिने मधलीला दिलेला पुढचा ताण गेलेला असतो, म्हणून आधी तात्पुरते दोर बांधून मधली सावरायची, मग मोडलेली सोडायची. धडधाकट काठ्या मात्र तोडू नयेत. पुढे जहाज कलवायचं ठरलं तर त्याच कामाला येतात.

आता बंदराच्या तोंडाशीच हे का घडतं, याबद्दल थोडं. लोकांना वाटतं की जहाज समुद्रात वादळ झेलून आलं म्हणजे वाचलं, आता चार पावलांवर बंदर आहे. शिडाच्या जहाजासाठी हीच चार पावलं सर्वांत वाईट. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या आसपास गेली की लाट फुटते. बंदराच्या किंवा खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असला तर बाहेर नुसती फुगून येणारी लाट त्या उथळावर उभी राहते आणि कोसळते. त्यात ओहोटीचं पाणी आतून बाहेर धावत असेल तर लाटा आखूड आणि आणखी उभ्या होतात. त्याच वेळी जहाज बांधाच्या किंवा टेकाडाच्या आडोशाला येतं आणि वारा एकाएकी पडतो किंवा दिशा बदलतो. शिडात वारा नाही म्हणजे वेग नाही, आणि वेग नाही म्हणजे सुकाणू हे नुसतं लाकूड. आडव्या परबाणांचं (डोलकाठीवर आडव्या बांधलेल्या, शिडं धरणाऱ्या वाशांचं) जहाज वाऱ्याच्या दिशेला साधारण ६५-७० अंशांपेक्षा जवळ जाऊच शकत नाही, त्यामुळे अरुंद वाटेत जहाजाची दिशा चुकली की ती सुधारायला जागा उरत नाही. पुढची काठी गेलेली असेल तर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, धरून ठेवणारी शिडंच नसतात. उरलेली मागची शिडं नाळेला वाऱ्याकडे वळवत राहतात आणि सुकाणूवाला जीव तोडून विरुद्ध दिशेला झुंजत असतो.

१९१० च्या नोव्हेंबरमध्ये ‘प्रॉयसेन’ या पाच डोलकाठ्यांच्या जर्मन जहाजाचं असंच झालं. इंग्लिश खाडीत एका वाफेच्या प्रवासी बोटीशी टक्कर होऊन त्याच्या पुढच्या भागाची मोडतोड झाली. टगांनी डोव्हर बंदराकडे ओढत आणलं, वादळ वाढलं, नांगराच्या साखळ्या तुटल्या, आणि बंदर समोर दिसत असताना टगांचे दोर तुटून ते डोव्हरजवळच्या कड्यांखालच्या खडकांवर गेलं. त्या काळी जगात त्याच्या तोडीचं शिडाचं जहाज नव्हतं. पोलादी कवच, कसलेले खलाशी, मदतीला टग, सगळं असूनही ते कायमचं तिथेच राहिलं.

इंजिन असलं म्हणजे हा धोका टळतो असं समजू नका. ‘मारिया असुम्प्टा’ हे १८५८ साली बांधलेलं जहाज मे १९९५ मध्ये इंग्लंडच्या पॅडस्टो बंदराकडे जाताना खडकांवर फुटलं आणि तीन जणांचा जीव गेला. ‘अॅस्ट्रिड’ जुलै २०१३ मध्ये आयर्लंडच्या किन्सेलजवळ खडकांवर गेलं. त्यावरचे तीसही जण वाचले, पण जहाज नंतर क्रेनने उचलून मोडीत काढावं लागलं. दोन्हींमध्ये इंजिन नेमकं वारा जहाजाला किनाऱ्याकडे ढकलत असताना बंद पडलं. बंदरात शिरताना नांगर सोडायच्या तयारीत आणि त्याच्याजवळ माणूस उभा, हा जुना शिरस्ता मी आजही कळकळीने सांगतो.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. भरती दिवसातून दोनदा येते हे खरं, पण प्रत्येक भरती सारखी नसते. उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती यांत कित्येकदा मीटरभराहून जास्त फरक पडतो. जहाज उधाणाच्या माथ्यावर रुतलं असेल तर पुढचा आठवडाभर दर भरतीला पाणी आदल्या भरतीपेक्षा कमीच चढणार, आणि तशीच उंची पुन्हा मिळायला साधारण पंधरवडा जाणार. वादळात रुतलेल्या जहाजाचं गणित याहून कठीण असतं. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे १ सेंटिमीटर चढतो. नेहमीचा दाब १०१३ धरला आणि वादळात तो ९८० वर आला, तर एवढ्यानेच पाणी ३३ सेंटिमीटर वर आलेलं असतं. वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी त्यात आणखी भर घालतं. ही वाढ भरतीच्या तक्त्यात नसते. जहाज त्या फुगलेल्या पाण्यावरून आत येऊन बसतं, मग वादळ सरतं, दाब चढतो आणि पाणी तक्त्यातल्या आकड्याच्याही खाली राहतं. म्हणून मी तक्ता हातात घेण्याआधी जहाजाच्या शेजारी एक खांब रोवून त्यावर खुणा करतो आणि दर भरतीचं खरं पाणी तिथेच मोजतो.

एकाच दिवसातल्या दोन भरत्याही असमान असू शकतात. कॅप्टन कुकचं ‘एन्डेव्हर’ जून १७७० मध्ये रात्रीच्या भरतीला ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळात अडकलं. त्यांनी तोफा, दगडी भार, पिंपं मिळून चाळीस-पन्नास टन सामान समुद्रात टाकलं आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीची वाट पाहिली. जहाज तरंगायला दीडेक फूट पाणी कमी पडलं, कारण तिथली दिवसाची भरती रात्रीच्या मानाने बरीच ठेंगणी होती. त्या रात्रीच्या भरतीला मात्र ते सुटलं.

किती जोराने ओढावं लागेल, हा अंदाज कागदावर करता येतो आणि तो केल्याशिवाय दोर बांधू नये. समजा, जहाज पाण्याच्या रेषेशी ३० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे. अशा जहाजाला एक सेंटिमीटर खाली दाबायला साधारण दीड टन वजन लागतं. रुतण्याआधी त्याचा सरासरी ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेल्या भागाची खोली, ३.२ मीटर होता आणि आता भरतीला तो २.८ मीटर दिसतो. म्हणजे ४० सेंटिमीटर, गुणिले दीड: ६० टन वजन पाण्याऐवजी जमिनीने उचललं आहे. वाळूवर घर्षण त्या वजनाच्या ३० ते ४० टक्के धरतात, म्हणजे १८ ते २४ टनांची ओढ पुरेल. हेच जहाज खडकावर असतं तर घर्षण ८० टक्क्यांपासून दीडपटीपर्यंत जातं आणि लागणारी ओढ ४८ ते ९० टनांच्या घरात. उलट बाजूने बघा: पाणी १० सेंटिमीटर जास्त चढलं की १५ टन भार आपोआप कमी होतो. मोठा टग मागवण्यापेक्षा योग्य भरतीची वाट पाहणं शहाणपणाचं का, ते या एका आकड्यात दिसतं. गाळात रुतलं असेल तर घर्षण कमी, पण गाळ तळाला चिकटून धरतो. तिथे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तळाखालचा गाळ सैल करावा लागतो.

२० टन ओढ लावायची कुठे, हा पुढचा प्रश्न. जुन्या शिडाच्या जहाजावरचे दोर बांधायचे खुंट धक्क्याला उभं राहण्यासाठी असतात, टगच्या ताकदीसाठी नव्हे. त्यांना टगचा दोर बांधला की खुंट डेकच्या फळ्यांसकट उपटून येतो. म्हणून संपूर्ण जहाजाला कमरेभोवती पट्टा घालायचा, कडांना लाकडी ओंडके लावून ताण पसरायचा आणि त्या पट्ट्याला ओढायचं. दिशा शक्यतो ज्या वाटेने आलं त्याच वाटेने, मागे. आडवं ओढलं तर कण्याला पीळ बसतो. भरतीच्या माथ्याच्या तासभर आधी ताण घ्यायला लागायचं, कारण शेवटच्या तासात पाणी फार थोडं चढतं आणि माथा निसटला की संधी गेली.

जहाज कलवून ड्राफ्ट कमी करायची युक्ती बरेच जण सुचवतात. अरुंद, खोल कण्याच्या होडीला ती लागू पडते, कारण कललं की कणा वर येतो. रुंद आणि सपाट बुडाच्या जहाजात नेमकं उलटं होतं: ७ मीटर रुंदीचं जहाज १० अंश कललं तर खालची कड ६० सेंटिमीटरच्या आसपास खाली जाते आणि जहाज आणखी रुतून बसतं. बुडाचा आकार पाहिल्याशिवाय डोलकाठीच्या टोकाला दोर बांधू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यामुळे मी घाईला इतका विरोध करतो. रुतलेल्या जहाजाच्या तळाची भोकं बहुतेक वेळा वाळूनेच बुजलेली असतात. जहाज शांत बसलेलं, आत पाणी बेताचं, पंप आरामात उपसताहेत, सगळं ठीक दिसतं. ते ओढून वाळूवरून निघालं की बूच निघतं. पाण्याखाली दीड मीटरवर १० सेंटिमीटर व्यासाचं एकच भोक असलं तरी त्यातून तासाला ९० टनांच्या आसपास पाणी आत येतं. नेहमीचे लहान पंप इथे काहीच करू शकत नाहीत. आणि जहाज त्या वेळी कुठे असतं? बंदराच्या ये-जा करायच्या वाटेत, खोल पाण्यात, मधोमध. वाळूवर बसलं होतं तेव्हा ते बाजूला होतं. आता ते बुडून बंदराचं तोंडच बंद करतं. हार्बर मास्टर परवानगी द्यायला वेळ लावतो तो याच भीतीने, आणि त्याची भीती रास्त असते. कुकच्या जहाजाच्या तळातल्या भोकात प्रवाळाचाच एक मोठा तुकडा मोडून अडकला होता, म्हणून ते तरंगल्यावर तगलं. तरीही त्यांनी एका शिडाला काथ्या आणि लोकर थापून ते दोरांनी तळाखालून भोकावर ओढून घेतलं. आत खेचल्या जाणाऱ्या पाण्यानेच ते भोकावर घट्ट बसलं. ही युक्ती आजही उपयोगी पडते. ताडपत्री किंवा जाड शीड वापरून मी ती केलेली आहे. त्याखेरीज पाण्याखाली घट्ट होणारी लांबी (पुटी), लाकडी पाचरी, आतून सिमेंटची पेटी, प्लायवूडचं ठिगळ, असं जे बसेल ते. पण त्यासाठी ओहोटीचे तास लागतात, बाजूची वाळू उकरावी लागते, पाणबुड्याला स्वच्छ पाणी लागतं. तुम्हाला किनाऱ्यावरून जे ‘काहीच चाललेलं नाही’ असं दिसतं, ते बहुधा हे काम असतं.

याचा अर्थ कितीही दिवस थांबावं असा मात्र नाही. वाळू स्वस्थ बसत नाही. लाटांचं पाणी जहाजाच्या दोन्ही टोकांना वळसा घालताना तिथली वाळू उकरून नेतं आणि आडोशाच्या बाजूला साठवतं. टोकं अधांतरी राहतात, मधला भाग टेकलेला राहतो आणि जहाजाची पाठ कमानीसारखी वर येऊ लागते. किंवा अख्खं जहाजच हळूहळू आत उतरतं. ‘पीटर आयर्डेल’ हे चार डोलकाठ्यांचं पोलादी जहाज ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाशी वाळूवर गेलं. माणसं सगळी वाचली, कवचाला फारशी इजा नव्हती, परत समुद्रात ओढून न्यायचा बेतही होता. चांगल्या हवेची वाट पाहता पाहता आठवडे गेले आणि तोवर जहाज एका कुशीवर कलून वाळूत पक्कं रुतलं. त्याचा सांगाडा अजून तिथे उभा आहे. थांबायचं ते एका ठरावीक भरतीसाठी, आणि तोवरचा एकेक तास कामाला लावून.

कायद्याबद्दल थोडक्यात. रिकामं दिसणारं जहाज बेवारस नसतं. माणसं उतरली तरी मालकी मालकाचीच राहते, आणि त्यावरची पितळी घंटा किंवा दिवा ‘सापडला’ म्हणून उचलून नेणं ही चोरी आहे. सॅल्व्हेजचा, म्हणजे संकटातलं जहाज वाचवण्याच्या कामाचा, करार करायचा अधिकार कॅप्टनला असतो. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारात तसं स्पष्ट आहे. जहाज वाचलं नाही तर मोबदला नाही, हे त्यातलं मूळ तत्त्व आहे, आणि पर्यावरणाची हानी टाळण्यासाठी केलेल्या कामाची भरपाई त्याला अपवाद आहे. अवशेष हटवण्याबद्दलचा २००७ चा नैरोबी करार ३०० टन आणि त्याहून मोठ्या जहाजांना विम्याची सक्ती करतो. बरीचशी जुनी शिडाची जहाजं त्याहून लहान असतात, त्यामुळे विम्याची कागदपत्रं पहिल्याच दिवशी मागून घ्यावीत.

जहाज सुटल्यावर न्यायचं कुठे, हे ओढण्याआधी लिहून ठरलेलं असलं पाहिजे. ‘हेर्त्सोगिन सेसिली’ हे गव्हाने भरलेलं जहाज एप्रिल १९३६ मध्ये धुक्यात इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर खडकाला लागलं. आत शिरलेल्या पाण्याने गहू फुगला आणि कुजला. बऱ्याच खटपटीने ते जूनमध्ये सोडवलं, पण त्या दुर्गंधीमुळे साल्कम बंदराने आत घेतलं नाही. मग बंदराच्या मुखाशीच एका उघड्या उपसागरात वाळूवर नेऊन बसवलं आणि पुढे लाटांनी ते तिथेच मोडलं. इतक्या मेहनतीने सोडवलेलं जहाज आसऱ्याअभावी जावं, याचं मला आजही वाईट वाटतं. संकटातल्या जहाजांना आसरा कसा द्यायचा याची मार्गदर्शक तत्त्वं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००३ मध्ये केली. लहान लाकडी जहाजासाठीही बंदराने ती उघडून बघावीत: एखादा शांत, वाळूचा कोपरा, जिथे ते ओहोटीला सरळ बसेल आणि तळ दुरुस्त करता येईल, एवढं पुरतं.

तुमचं जहाज वाचेल का? तुम्ही जे लिहिलंत त्यावरून मी आशावादी आहे. वाळू आहे, खडक नाही. माणसं उतरली आहेत, म्हणजे धोका पत्करायची सक्ती नाही. पाणी भरलं आहे, म्हणजे डोकं शांत असलेला कुणीतरी तिथे आहे. पुढच्या काही भरत्यांत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. भरतीच्या माथ्यावर उरलेल्या डोलकाठ्यांची टोकं स्थिर आहेत का बघा. ती लाटेबरोबर झटके खात असतील तर जहाज अजून आदळतं आहे. आणि बाजूने पाहिल्यावर डेकची रेघ नेहमीसारखी मधे खोलगट दिसते की सपाट होत चालली आहे, ते रोज एकाच जागेवरून फोटो काढून ताडून बघा. रेघ बदलली नाही तर कणा शाबूत आहे.

ज्या दिवशी ओढतील त्या दिवशी मात्र जवळ जाऊ नका, होडीने तर नकोच. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला की दोन्ही टोकांकडे सुटतो आणि माणूस जागीच मरतो. दोराच्या रेषेत आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. किनाऱ्यावरच्या इतरांनाही तेवढं सांगून ठेवा.